आज कुठं अडकलात?

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार ज्या गावावरून आला, ते पेडगाव श्रीगोंदा तालुक्यातले, भीमेकाठचे. आमचे पेडगाव परभणीजवळचे. कापसाचे, ज्वारीचे, छोट्या रेल्वे स्टेशनचे. निवृत्तीनंतर मी इथे राहायला आलो, तेव्हा बँकेतल्या मित्रांनी या म्हणीवरून भरपूर थट्टा केली. ती नेमकी कुठे लागली, ते त्यांना ठाऊक नव्हते.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त परिचारिका राहतात. वय ऐंशीच्या पुढे. सारे गाव त्यांना सिस्टर म्हणते. काचबिंदूने दृष्टी गेली आणि साठ वर्षांचा नेम मोडायची वेळ आली. पहाटे बायबलचा एक अध्याय, मग थोडा वेळ गप्प बसणे, मग प्रार्थना. “साहेब, तुमचा आवाज खणखणीत आहे. वाचाल का?” त्यांनी विचारले. माझी आई रोज हरिपाठ म्हणायची. नेम चुकला की तिचा दिवस कसा विस्कटायचा, ते मी पाहिले होते. मी हो म्हणालो.

सिस्टरांकडे दोन प्रती आहेत. रोज वाचायची बायबल सोसायटीची. दुसरी पांढऱ्या फडक्यात बांधलेली, पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची. सिस्टरांची आजी दुष्काळात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आली होती, तिची ही ठेव. लहानपणी आईवडिलांबरोबर तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडलेल्या रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या. खेड्यातल्या बाईला स्वतः वाचता यावे एवढ्यासाठी. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तोवर भाषांतर पुरे होत आले होते. ग्रंथ १९२४ साली निघाला, मिशनच्याच छापखान्यातून, आणि खिळे जुळवायला तिथल्याच स्त्रिया होत्या. मूळ शब्दाला धरून चालण्याच्या हट्टापायी वाक्य कधी अडखळते खरे. पण कादंबरीकार म्हणून सांगतो, एवढा हट्ट आमच्यात नाही.

अध्याय संपला की सिस्टर अर्थ सांगत बसत नाहीत. एवढेच विचारतात, “आज कुठं अडकलात?” बहुतेक दिवशी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेत असे.

एके दिवशी मत्तयाचा सहावा अध्याय आला. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना त्यात आहे. लूकच्या शुभवर्तमानात त्या जागी पापांची क्षमा आहे. मत्तयात मात्र ‘ऋण’ हा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दही देण्याचाच, कर्जाचाच. सारा जन्म कर्जवसुलीत घालवलेल्या माणसाचा आवाज तिथे बसला.

१९८९ सालची गोष्ट. निवडणुकीत दहा हजारांपर्यंतच्या कर्जमाफीचे आश्वासन दिले गेले होते. जवळच्याच शिवारातला एक शेतकरी शाखेत आला. साडेसहा हजारांची थकबाकी होती. “साहेब, माफी होणार म्हणतात. थांबू का?” मी बातम्या वाचत होतो, हिशेबही कळत होता. पण वसुलीचा आकडा गाठायचा होता. “तसलं काही होत नसतं,” मी म्हणालो. त्याने बैलजोडी विकली आणि पैसे भरले. मी पावतीवर सही केली. १९९० साली माफी आली. भरलेल्यांना अर्थातच काही मिळाले नाही. तो परत शाखेत आला नाही, भांडलाही नाही. वेड मी पांघरले होते.

“कुठं अडकलात?” सिस्टरांनी विचारले. त्या दिवशी सगळे सांगितले. त्यांनी नावही विचारले नाही. प्रार्थनेत मात्र म्हणाल्या, “या भावाला पाय दे.” पहिल्यांदाच मला साहेब म्हणाल्या नाहीत.

तो शेतकरी आता नाही. मुलाचे फाट्यावर पंक्चरचे दुकान आहे. परवा स्कूटरची हवा भरायच्या निमित्ताने गेलो, चाकात हवा असताना. त्याने टायर दाबून पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि बसायला स्टूल पुढे केले.

“काका, हवा तर पुरी आहे,” तो म्हणाला. “दुसरं काय काम होतं?”

मी बसलो.