कॉम्प्युटरवरचा मेल पुन्हा पुन्हा पासवर्ड मागतोय? आधी हे वाचा



आजचा मेसेज हवामानाचा नाही आणि भावाचाही नाही. कॉम्प्युटरवरच्या मेलचा आहे, नेहमीपेक्षा लांब आहे. ज्यांच्या घरी लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर आहे त्यांनी पूर्ण वाचा, मुलांनाही दाखवा. ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे त्यांनी शेवटचा मोबाईल नंबराचा भाग तरी चुकवू नका.

विषय का निघाला ते सांगतो. गेल्या भेंडीच्या हंगामात आपल्या खडवलीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आउटलुकने एका सकाळी पासवर्ड मागायला सुरुवात केली. टाकला की खिडकी जायची, मिनिटात परत यायची. आम्हाला वाटलं पासवर्ड चुकतोय, म्हणून बदलला. तरी तेच. दुरुस्तीवाला दोन दिवसांनी येतो म्हणाला, आम्हीही थांबलो. तेवढ्यात खरेदीदाराचा मेल येऊन पडला होता: गुरुवारी माल पाठवा, सोबत रेसिड्यू रिपोर्ट जोडा. आम्हाला कळलं शुक्रवारी, त्यांचा फोन आल्यावर. भेंडीचं तुम्हाला माहीतच आहे, एक दिवस तोडा लांबला की शेंग जून होते. निर्यातीला जाणारा माल कल्याणच्या मार्केटला मिळेल त्या भावात द्यावा लागला. चूक आमची होती. मेल मोबाईलवर उघडून बघायचं कोणाला सुचलं नाही.

म्हणून *पहिलं काम:* त्याच कॉम्प्युटरवर क्रोम उघडा आणि तिथून जीमेलमध्ये लॉगिन करून बघा. किंवा मोबाईलवर उघडा. तिथे मेल दिसला तर पासवर्ड बरोबर आहे, खातंही ठीक आहे. बिघाड आहे तो आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये. मग पासवर्ड बदलायच्या भानगडीत पडू नका, आणि तोपर्यंत कामाचे मेल क्रोममधूनच बघत राहा.

क्रोममध्येही लॉगिन होत नसेल तर कीबोर्ड मराठीवर राहिलाय का बघा. सातबारा किंवा अर्ज मराठीत टाइप केला की कीबोर्ड तसाच राहतो, आणि पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे काय टाइप झालं ते कळत नाही. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते. कॅप्स लॉकही बघा.

दुसरी गोष्ट तारीख. आपल्याकडे लाईट जाते-येते, जुन्या कॉम्प्युटरमधला बटणासारखा छोटा सेल संपलेला असतो, आणि मशीन चालू केलं की तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. मेल सर्व्हरकडे एक प्रमाणपत्र असतं, त्याला मुदत असते. तुमचा कॉम्प्युटर स्वतःच्या घड्याळाप्रमाणे ती मुदत तपासतो आणि सर्व्हर खोटा आहे असं समजून जोडणीच करत नाही. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख-वेळ बघा, चुकली असेल तर दुरुस्त करा. सारखी चुकत असेल तर सेल बदला, तो महाग नसतो.

हे दोन्ही ठीक असूनही खिडकी येतेय? मग बहुतेक वेळा खरं कारण पुढचं असतं.

पूर्वी आउटलुकसारखा प्रोग्रॅम तुमचा पासवर्ड स्वतःजवळ साठवायचा आणि मेल आणायला गेला की दर वेळी तो गूगलला दाखवायचा. म्हणजे गोदामाची किल्लीच हमालाकडे देऊन ठेवल्यासारखं. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला की किल्ली चोराच्या हातात. म्हणून गूगलने ३० मे २०२२ पासून साध्या जीमेल खात्यांसाठी ही पद्धत बंद करायला घेतली, आणि कंपन्यांच्या पैसे भरून घेतलेल्या खात्यांसाठी २०२५ मध्ये. हॉटमेल आणि आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १६ सप्टेंबर २०२४ ला बंद केली. आता गेटपासची पद्धत आहे. गूगलचं स्वतःचं पान उघडतं, तुम्ही तिथे लॉगिन करता आणि प्रोग्रॅमला फक्त मेल आणण्यापुरता पास मिळतो. पासवर्ड त्याला कळतच नाही. या पद्धतीचं नाव ओऑथ.

म्हणजे तुमचा पासवर्ड शंभर टक्के बरोबर असला तरी जुना प्रोग्रॅम तो जुन्या दारातून दाखवतोय, आणि ते दार बंद झालंय.

*थंडरबर्ड असेल तर* सोपं आहे. अकाउंट सेटिंग्जमध्ये सर्व्हर सेटिंग्ज उघडा. ऑथेंटिकेशन मेथडसमोर नॉर्मल पासवर्ड असेल तिथे ओऑथ २ निवडा. थंडरबर्ड बंद करून परत उघडा, गूगलचं पान येईल, लॉगिन करून परवानगी द्या. पान कोरंच आलं तर सेटिंग्जच्या प्रायव्हसी भागात कुकीज बंद असतील, त्या चालू करा. आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: मेल येण्याची आणि जाण्याची सेटिंग वेगवेगळी असते. येणारा मेल सुरू झाला म्हणून आपण खूश होतो आणि बिल पाठवायला गेलं की परत तेच. डावीकडे सगळ्यात खाली आउटगोइंग सर्व्हर आहे, तिथेही ओऑथ २ करा.

*नवीन आउटलुक असेल तर* जुनं खातं काढून परत जोडा, गूगलचं पान आपोआप उघडतं. पण काढण्याआधी जुने महत्त्वाचे मेल क्रोममध्ये दिसतात का ते नक्की बघा. काही जुन्या जोडण्यांमध्ये मेल फक्त कॉम्प्युटरवरच उरलेले असतात.

*२०१० किंवा २०१३ चं जुनं आउटलुक असेल तर* त्याला गूगलचं पान उघडता येत नाही. जीमेलसाठी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. आधी गूगल खात्याच्या सिक्युरिटी भागात टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. मग तिथल्या शोधाच्या जागी ॲप पासवर्ड्स टाइप करा, नाव द्या, १६ अक्षरांचा पासवर्ड मिळेल. तो एकदाच दिसतो. आउटलुकमध्ये नेहमीच्या पासवर्डच्या जागी तोच टाका, मधली जागा सोडू नका. मोअर सेटिंग्जमध्ये आउटगोइंग सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागतं, त्या चौकोनात टिक करा.

आता आमची मोठी चूक. आम्ही ॲप पासवर्ड टाकला, मेल सुरू झाला, आणि दोन दिवसांनी सुरक्षिततेसाठी म्हणून मुख्य पासवर्ड बदलला. मेल परत बंद! मुख्य पासवर्ड बदलला की गूगल जुने ॲप पासवर्ड रद्द करतं. आधी मुख्य पासवर्ड, मग ॲप पासवर्ड, हा क्रम ठेवा. तरीही खिडकी आली तर विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर असतो, त्यात साठलेला जुना पासवर्ड काढून टाका.

हॉटमेलचं खातं जुन्या आउटलुकमध्ये आता ॲप पासवर्डनेही चालत नाही. डोकं लावत बसू नका, क्रोममध्ये वापरा किंवा थंडरबर्ड घ्या, ते फुकट आहे.

*मोबाईल नंबराचं, सगळ्यांसाठी.* आपल्यातल्या बऱ्याच जणांचा जीमेल कोणीतरी काढून दिलेला आहे. अर्ज भरताना सेवा केंद्रात, टिटवाळ्याच्या एखाद्या दुकानात, नाहीतर भाच्याने. तेव्हा नंबर कोणाचा टाकला? खातं अडकलं की कोड त्या नंबरावर जातो. आपल्या ऑफिसच्या खात्यावर काम सोडून गेलेल्या मुलाचा नंबर निघाला, तो भला म्हणून त्याने कोड सांगितला. मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये गूगल उघडा, मग आपलं खातं, मग सिक्युरिटी. रिकव्हरी फोन तुमचाच आहे का आजच बघा. पासवर्डही दुसऱ्या कोणाला माहीत असेल तर बदला.

मेल अडकला म्हणून गूगलवर 'मदत क्रमांक' शोधून फोन लावू नका. तिथे ठगांचे नंबर असतात. स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला लावतात, ओटीपी विचारतात आणि बँक खातं साफ करतात. मोबाईलवर 'तुम्हीच लॉगिन करताय का?' असं आलं आणि तुम्ही करत नसाल तर *नाही* दाबा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा, जितका उशीर तितके पैसे परत मिळणं अवघड.

जमलं नाही तर शनिवारी सकाळी ऑफिसला लॅपटॉप आणा. चार्जर आणि ज्या नंबरावर कोड येतो तो मोबाईल सोबत हवा, मागच्या वेळी दोघांना त्यासाठी परत घरी जावं लागलं. पासवर्ड आम्हाला सांगू नका, तुम्ही स्वतः टाका.