घरबसल्या व्हिडिओ: आधी गणित मांडा!

मी कुहीचा. 'नोकरी नाही, व्हिडिओ बनवतो' म्हटलं की बाबा विचारतात, 'पैसे कोन देईल?' प्रश्न रास्त आहे. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास प्रेक्षक लागतात. म्हणजे ५ मिनिटांचा व्हिडिओ ४८,००० वेळा पूर्ण पाहिला गेला पाहिजे! पुढे लांब व्हिडिओच्या जाहिरातींतले ५५ टक्के आपले; पण १०० डॉलर जमेपर्यंत हाती काही नाही. तोवर खिसा कसा चालणार? दुसऱ्यांचं एडिटिंग घ्या, अर्धे पैसे आधी मागा. विषय मात्र आपलाच धरा: मिरचीचं शेत, आंभोऱ्याचा संगम. ते शहरातला माणूस आपल्याइतकं सांगू शकत नाही. डिग्री सोडू नका. दर आठवड्याला एक व्हिडिओ टाका. वर्षाने बाबांना आकडा दाखवा!