कुत्र्याची ओकारी : घरीं केव्हां थांबावें, पशुवैद्याकडे केव्हां जावें

राखणीचें कुत्रें ओकूं लागलें म्हणजे आपल्याकडे कोणी 'गवत खाऊन पोट साफ करीत आहे' असें म्हणून तिकडे दुर्लक्ष करितो, तर कोणी हातीं लागेल तें औषध पाजून मोकळा होतो. आमच्या मतें दोन्ही रीती घातक आहेत. ओकारी हा स्वतः रोग नव्हे, तें एक चिन्ह आहे. आणि त्याची गंभीरता सोबतच्या लक्षणांवरून व कुत्र्यानें काय खाल्लें यावरून ठरते.

प्रथम ओकारी खरी कीं नाहीं हें पाहावें. खऱ्या ओकारीपूर्वीं कुत्रें अस्वस्थ होतें, ओठ चाटतें, पोटास आचके बसतात व मग अन्न किंवा पिवळें पित्त पडतें. मान खालीं घालतांच आचक्यावांचून न पचलेलें अन्न परत आलें, तर दोष बहुधा अन्ननलिकेंत असतो.

घाईनें गिळलें किंवा उकिरड्यावरचें कुजकें खाल्लें, कीं कुत्रें एकदां-दोनदां ओकतें व पुन्हां शेपटी हालवीत फिरूं लागतें. अशा वाढलेल्या कुत्र्यास सुमारें १२ तास अन्न देऊं नये, पाणी थोडथोडें द्यावें, आणि नंतर मीठमसाल्याशिवाय मऊ भात घालावा. पिलांस मात्र उपाशी ठेवूं नये.

परंतु ओकारी वारंवार होऊं लागली, पाणीहि पोटांत ठरेना, वांतींत रक्त अथवा कॉफीच्या भुकटीसारखा काळपट अंश दिसला, किंवा कुत्रें मलूल होऊन हिरड्या फिक्या पडल्या, तर त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा. लस न टोचलेलें पिलूं ओकूं लागून त्यास रक्ती हगवण लागली, तर पार्व्होचा संशय धरावा. हा रोग १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला; उपचाराशिवाय पिलें बहुधा वांचत नाहींत, वेळेवर सलाइन मिळाल्यास पुष्कळ वांचतात. पोट नगाऱ्यासारखें फुगलें, आचके येतात पण बाहेर कांहींच पडत नाहीं, अशी स्थिति दिसली तर जठरास पीळ पडलेला असूं शकतो व कांहीं तासांत प्राण जातो. खोल छातीच्या कुत्र्यांस हें अधिक होतें. आपलीं कारवानी कुत्रीं याच बांध्याचीं आहेत.

शेतावरील कुत्र्याविषयीं आम्हांस सर्वांत अधिक भय वाटतें तें विषाचें. खतासाठीं आणलेली एरंडीची पेंड कुत्र्यास रुचते, व तींत रायसिन नांवाचें विष असूं शकतें. लक्षणें कधीं दुसऱ्या दिवशीं दिसतात, म्हणून पेंडीचा संशय कोणास येत नाहीं. उंदरांसाठीं ठेविलेलें झिंक फॉस्फाइड पोटांतील आम्लाशीं मिळून फॉस्फीन हा विषारी वायु सोडतें. अशा वांतीस लसणीसारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो. ती जवळ जाऊन हुंगूं नये, व कुत्र्यास नेतांना गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्या. फवारणीच्या कांहीं औषधांनीं लाळेच्या धारा लागतात, अंग थरथरतें, बाहुल्या बारीक होतात. नाशिक-सांगलीकडील बागाईतदारांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, द्राक्षें व बेदाणे कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी करूं शकतात, आणि अमुक इतके खाल्ले तर बाधत नाहींत असें प्रमाण सांगतां येत नाहीं.

विषाचा संशय असतां मिठाचें पाणी पाजून ओकवूं नये. त्या मिठानेंच कुत्रीं दगावतात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याहि देऊं नयेत.

लाळ गळते, जबडा लोंबतो, गिळतां येत नाहीं, असें दिसल्यास घशांत हाड अडकलें असें समजून तोंडांत हात घालण्याचा मोह आवरावा. पिसाळलेल्या कुत्र्याचेंहि रूप असेंच असतें. लाळ जखमेस किंवा तोंडा-डोळ्यांस लागल्यास ती जागा १५ मिनिटें वाहत्या पाण्यानें धुवावी, जखमेस साबणहि लावावा, व त्याच दिवशीं लस घेण्यास जावें. रोग प्रकट झाल्यावर उपाय चालत नाहीं.

पशुवैद्याकडे जातांना ओकारी केव्हांपासून व किती वेळां झाली, वांतीचा रंग कसा होता, कुत्रें कोणत्या शेतांत फिरलें, हें सांगतां येईल असा घरचा जाणता माणूस पाठवावा, आणि संशयित औषधाची पुडी अथवा डबा सोबत द्यावा.