चार रंगांची शिस्त : दिल्लीतील दवाखाने आणि जैववैद्यकीय कचरा

राजधानीतील अस्वच्छतेविरुद्धच्या वाढेरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली दिल्लीतील मोठ्या रुग्णालयांना भस्मक, म्हणजे कचरा जाळण्याची भट्टी, बसविण्यास सांगितले. 1998 च्या पहिल्या केंद्रीय नियमांनी मात्र महिन्याला हजारांहून कमी रुग्ण तपासणाऱ्या दवाखान्यांना परवानगीच्या अटीतून वगळले आणि गल्लीबोळांतील असंख्य छोटे दवाखाने दीर्घकाळ देखरेखीबाहेर राहिले. ही सूट 2016 च्या नियमांनी काढून घेतली, हे योग्यच झाले.

या नियमांनुसार वर्गीकरण कचरा निर्माण होतो तेथेच करावयाचे असते : रक्ताळलेला कापूस व बँडेज पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या व सुईविरहित सिरिंज लाल पिशवीत, सुया व ब्लेड भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, तर काच निळ्या खुणेच्या खोक्यात जाते. एक सुई लाल पिशवीत पडली, तरी ती हाताळणाऱ्या कामगाराला कावीळ-बी किंवा एचआयव्हीचा धोका संभवतो, आणि म्हणून पुढच्या टप्प्यावरील कोणतीही यंत्रणा या पहिल्या चुकीची पुरती भरपाई करू शकत नाही. राजधानी क्षेत्रात या वर्गीकरणावर लक्ष ठेवण्याची अडचण आणखी वाढते, कारण दिल्ली, गुरुग्राम व नोएडा येथील देखरेख वेगवेगळ्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणांकडे आहे. शिवाय 2016 च्या नियमांनुसार रक्ताळलेल्या कापूस-बँडेजसारखा कचरा प्रक्रियेविना 48 तासांहून अधिक साठविण्यास सामान्यतः मनाई आहे.