पक्षाघातानंतरचे मालीश : उपयोग आणि मर्यादा

लालबाग-परळच्या चाळीत कुणाला पक्षाघाताचा झटका आला, की शेजारपाजारची मंडळी धावून येतात आणि त्यांतील कुणीतरी हमखास तेल गरम करावयास सांगते. लुळे पडलेले हातपाय चोळले म्हणजे त्यांत पुन्हा बळ येते, हा समज जुना आहे. त्यामागची आपुलकी खरी असली, तरी त्या घटकेला मालीश करीत बसणे रुग्णाला महागात पडते.

पक्षाघातात हातपाय लुळे पडतात. परंतु बिघाड मेंदूत झालेला असतो. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीमुळे बंद होते किंवा फुटते. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन निवडक रुग्णांनाच आणि साधारणत: साडेचार तासांच्या आत देता येते. म्हणून तोंड वाकडे होणे, हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एकही लक्षण एकाएकी दिसताच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा रुग्णास घरी तेल चोळू नये व तोंडाने काही देऊ नये.

पुनर्वसनाची परंपरा

संकट टळल्यानंतरच्या उपचारांची मोठी परंपरा याच भागात आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात 1950 मध्ये श्रीमती कमला निंबकर यांच्या पुढाकाराने देशातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू झाली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत तेथेच भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. हाजी अली येथील केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था 1955 मधील आहे.

या उपचारांचे सूत्र सोपे आहे. मेंदूच्या मृत पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. परंतु शाबूत राहिलेले भाग गमावलेली कामे काही अंशी शिकून घेऊ शकतात. त्यासाठी पेला धरणे, सदऱ्याची गुंडी लावणे, उठून उभे राहणे यांसारख्या क्रिया रुग्णाकडून पुन:पुन्हा करवून घ्याव्या लागतात. मालीश हे काम करू शकत नाही. हलक्या हाताच्या मालीशने ताठरलेले स्नायू काही काळ सैल होतात, वेदना कमी वाटतात आणि मनाला स्वस्थता लाभते. त्यानंतर लगेच व्यायाम केल्यास तो सुसह्य होतो. म्हणून मालीश ही व्यायामाची पूर्वतयारी समजावी.

घ्यावयाची काळजी

डॉक्टरांची संमती मिळाल्यावरच मालीशला आरंभ करावा. तेल कोमट असावे आणि ते प्रथम स्वत:च्या मनगटावर टाकून पाहावे; बधिर अंगाला चटका बसला तरी रुग्णास तो कळत नाही. लुळा हात ओढू नये वा काखेत धरून रुग्णास उचलू नये, कारण खांद्याचा सांधा निखळण्याचा धोका असतो. मानेला झटके देऊ नयेत. पाय सुजला, लाल झाला किंवा पोटरी दुखू लागली, तर शिरेत गुठळी झाली असण्याचा संभव असतो. अशा वेळी चोळणे जिवावर बेतू शकते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर जोर लावू नये. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणत: दर दोन तासांनी बदलावी आणि पाठीवर वा टाचेवर लाली दिसल्यास तेथे चोळू नये.

चाळीच्या वरच्या मजल्यावरून रुग्णाला रोज रुग्णालयात नेणे अनेक कुटुंबांना शक्य होत नाही. अशा घरातील निदान एका व्यक्तीने भौतिकोपचार विभागात जाऊन मालीशची व व्यायामाची रीत समक्ष शिकून घ्यावी. दहा मिनिटे मालीश झाले, की तेलाची वाटी बाजूला ठेवून रुग्णाला आधार देऊन उभे करावे. गॅलरीचा कठडा धरून त्याने स्वत: टाकलेले एक पाऊल तासभराच्या मालीशपेक्षा अधिक मोलाचे ठरते.