पाकीट कुणी मारलं?

साताऱ्याहून एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र आलंय. तेही पोस्टकार्डावर, म्हणून मी वाचण्याआधीच प्रसन्न. बाई लिहितात : "मोबाइलवर कुठलीही बातमी उघडली की 'कुकीज स्वीकारा' असा आग्रह सुरू होतो. मला मधुमेह आहे. नको म्हटलं तर चालतं का? आणि बिस्किटाचा इथं संबंध काय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो. दुसऱ्याचं आधी उरकून घेतो, कारण बाईंच्या पत्रामुळे मला भलत्याच एका शब्दाची आठवण झाली आहे आणि आज खरं तर त्याच्याविषयीच बोलायचं आहे.

युनिक्स या संगणकप्रणालीवर काम करणारी मंडळी एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याच्या हाती द्यायच्या छोट्याशा खुणेला 'मॅजिक कुकी' म्हणत. ती उघडून बघायची नाही, जपून ठेवायची आणि मागितली की जशीच्या तशी परत द्यायची. देवळाबाहेर चपला ठेवल्या की पत्र्याचा बिल्ला मिळतो ना, तोच हा प्रकार. बिल्ल्यावरच्या ४७ या आकड्याला तुमच्या लेखी काही अर्थ नाही, चपलावाल्याचा मात्र सगळा हिशेब त्यावर. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू मॉन्टुली या तरुणासमोर प्रश्न होता तो ऑनलाइन दुकानातल्या टोपलीचा. वेबसाइट मुळात विसरभोळी असते. पहिल्या पानावर टोपलीत टाकलेलं पुस्तक दुसऱ्या पानावर जाईपर्यंत ती विसरते, आणि तुम्हालाही. मॉन्टुलीनं युनिक्सवाल्यांचा बिल्ला उचलला, नावही उचललं, फक्त त्यातली जादू वाटेत गळाली. पुढे जाहिरातवाले आले. गावातल्या झाडून सगळ्या देवळांबाहेर एकाच ठेकेदाराचे चपलावाले बसले, तर तुम्ही सकाळी मारुतीला गेला होतात आणि दुपारी गणपतीला, हे त्या ठेकेदाराला न विचारता कळतं. आजचा सगळा बखेडा त्या ठेकेदाराचा आहे. बिल्ल्याची त्यात काही चूक नाही.

संगणकवाल्यांना नावं ठेवताना भूक फार लागत असावी. 'बाइट' म्हणजे घास. १९५६ मध्ये आयबीएमच्या वर्नर बुखहोल्ट्झ यांनी हा शब्द काढला आणि घाईत त्याचं 'बिट' होऊ नये म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधल्या 'आय'च्या जागी 'वाय' घातला. 'स्पॅम' हे तर डबाबंद मांस. होर्मेल या अमेरिकन कंपनीनं ते १९३७ मध्ये बाजारात आणलं. मॉन्टी पायथन या इंग्लिश विनोदी मंडळींनी १९७० मध्ये एका प्रहसनात असं हॉटेल दाखवलं, की जिथं जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम घातलेलं आहे आणि तोच शब्द इतक्यांदा ओरडला जातो की बाकीचं बोलणं ऐकूच येत नाही. नको असलेल्या संदेशांच्या पुराला याहून चपखल नाव मिळणं अवघड होतं.

पण हे सगळे शब्द चेष्टेत, कंटाळ्यात किंवा घाईत पडलेले. मुद्दाम विचार करून, पारखून घेतलेला एक शब्द आहे, आणि इंटरनेटचं सगळं चलनवलन त्याच्यावर चालतं. तो म्हणजे 'पॅकेट'. आपलं पाकीट.

तुम्ही गुलाबाच्या फुलावर 'शुभ सकाळ' लिहून पाठवता ते चित्र तीन लाख बाइटचं धरलं, तर ते अखंड जात नाही. साधारण दीड-दीड हजार बाइटचे दोनशेच्या आसपास तुकडे होतात, प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमांक पडतो, आणि ते सुटे सुटे निघतात. या तुकड्याला पॅकेट म्हणायचं ठरवलं ते डोनाल्ड डेव्हिस यांनी. हे नाव ओळखीचं वाटलं नाही ना? माझी तक्रार नेमकी तीच आहे.

डेव्हिस यांचा जन्म १९२४ चा, वेल्समधल्या कोळशाच्या खाणींच्या ट्रिऑर्की गावातला. वडील खाणीत कारकून. मुलगा काही महिन्यांचा असतानाच ते गेले. आई त्याला आणि त्याच्या जुळ्या बहिणीला घेऊन पोर्ट्‌समथला माहेरी आली. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र आणि मग गणित शिकून डेव्हिस १९४७ मध्ये टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत रुजू झाले. तिथं एक विक्षिप्त सहकारी होता, ॲलन ट्युरिंग. ज्या शोधनिबंधावर संगणकशास्त्र उभं आहे, तो ट्युरिंग यांचा १९३६ चा निबंध या नव्या पोरानं बारकाईनं वाचला आणि त्यातल्या चुका काढून खुद्द ट्युरिंग यांना नेऊन दाखवल्या. ट्युरिंग चांगलेच वैतागले म्हणतात. मला हा प्रसंग फार आवडतो. दुसऱ्याच्या गणितातल्या चुका काढणारी माणसं शब्दही तोलूनमापून वापरतात.

१९६५ मध्ये डेव्हिस अमेरिकेला जाऊन आले. तिथं एका मोठ्या संगणकावर अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून एकाच वेळी काम करू लागले होते, पण टर्मिनल आणि संगणक जोडायला होती टेलिफोनची तार. ज्यांनी ट्रंक कॉल लावलेत त्यांना अडचण लगेच कळेल. पुण्याहून नागपूरला कॉल लागला की मधली सगळी तार तुमची. बोला, रडा, गप्प बसा, तार अडलेलीच. म्हणून तर तीन मिनिटं झाली की ऑपरेटर बाई मध्ये बोलायच्या. माणूस आणि संगणक यांचं बोलणं तर त्याहून तुटक. माणूस एक ओळ टाइप करतो, डोकं खाजवतो, चहा पितो, मग दुसरी ओळ. तेवढ्यासाठी तार अडवून ठेवायची म्हणजे एका वरातीसाठी लक्ष्मी रोड दिवसभर बंद करण्यासारखं.

डेव्हिस यांचं म्हणणं, वऱ्हाड सुटं सोडा. प्रत्येकाच्या हातात पत्रिका असू द्या. तिच्यावर कार्यालयाचा पत्ता आणि वऱ्हाडाच्या यादीतला आपला क्रमांक. कुणी एसटीनं जाईल, कुणी जीपनं. चौकाचौकात विचारायचं आणि तिथला माणूस त्या घडीला मोकळा असेल त्या रस्त्याला लावून देईल. कार्यालयाच्या दारात मामा यादी घेऊन उभे आहेत. ते सगळ्यांना क्रमानं बसवतील. सत्तेचाळीसावा पोचला नाही तर मागे निरोप जाईल : परत पाठवा. इथं माझी उपमा लंगडी पडते, कारण माणसाची दुसरी प्रत काढता येत नाही. पाकिटाची काढता येते. (मुंबईच्या डबेवाल्यांची उपमा का नाही, असं कुणी विचारेल. तिचं एवढं भाषणबाजीत भरीत झालंय की मी यंदा तिला सुट्टी दिली आहे.) वाट चुकून गोल गोल फिरणाऱ्यांचा बंदोबस्तही आज प्रत्येक पाकिटात असतो. निघताना त्यावर एक आकडा टाकतात, बऱ्याचदा ६४. दर चौकाला तो एकानं कमी होतो आणि शून्यावर आला की पाकीट तिथंच टाकून देतात.

आता नावाचा प्रश्न आला. डेव्हिस यांना पॅकेट हा शब्द सुचला तो 'छोटं पुडकं' या साध्या अर्थानं. पण तो वापरण्याआधी त्यांनी आपल्याच प्रयोगशाळेतल्या एका संशोधन गटातल्या दोन भाषातज्ज्ञांना विचारलं, की याच्या जवळचा शब्द इतर भाषांमध्ये आहे का? त्यांनी होकार दिला, तेव्हाच शब्द पक्का झाला. फ्रेंचमध्ये पाके, जर्मनमध्ये पाकेट, स्पॅनिशमध्ये पाकेते, रशियनमध्ये पाक्येत. त्यांना मराठी विचारण्याचं काही कारण नव्हतं, पण विचारलं असतं तर आपणही पास झालो असतो. आपलं पाकीट पत्राचं, आहेराचं, खिशातलं आणि टेबलाखालचंसुद्धा. जाणाऱ्या-येणाऱ्या पॅकेटांमध्ये डोकावणारे प्रोग्रॅम असतात, त्यांना 'स्निफर' म्हणतात. मी वर्गात त्यांना पाकीटमार म्हणायचो. विद्यार्थ्यांना दुसरं काही समजावून सांगावं लागायचं नाही.

संदेश तुकड्यातुकड्यांनी पाठवण्याची हीच कल्पना अमेरिकेत रँड या संस्थेतल्या पॉल बॅरन यांना आधीच सुचली होती, हे सांगायलाच हवं. अणुहल्ला झाला तरी टिकून राहील असं दळणवळण त्यांना हवं होतं. १९६४ मध्ये त्यांचा अकरा भागांचा अहवाल आला. त्यात एक मजेदार नियम आहे. प्रत्येक चौकानं हाती आलेला संदेश गरम बटाट्यासारखा ताबडतोब पुढे ढकलायचा. सरकारी कचेरीत फाइलीचं जे होतं ते. पण बॅरन यांनी आपल्या पद्धतीला दिलेलं नाव ऐका : 'डिस्ट्रिब्युटेड अडॅप्टिव्ह मेसेज ब्लॉक स्विचिंग'. एवढं नाव लग्नपत्रिकेवर मावत नाही. १९६६ च्या मार्चमध्ये डेव्हिस यांनी आपली कल्पना एका व्याख्यानात मांडली, तेव्हा ब्रिटिश संरक्षण खात्यातल्या एका श्रोत्यानं त्यांना बॅरन यांच्या कामाविषयी सांगितलं. डेव्हिस यांनी बॅरन यांचा मान कधी नाकारला नाही, आणि बॅरन यांनीही त्यांचा नाही.

अणुहल्ल्याचा विषय निघाला आहे तर एक दंतकथा इथंच पुरून टाकू. इंटरनेट अणुयुद्धात टिकावं म्हणून बांधलं, असं अजूनही छापून येतं. बॅरन यांचा अहवाल त्यासाठी होता. इंटरनेटचं पूर्वज असलेलं आर्पानेट मात्र नव्हतं. आर्पा या अमेरिकन संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेतल्या रॉबर्ट टेलर यांच्या पेंटॅगॉनमधल्या खोलीत तीन टर्मिनलं होती, तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या संगणकांना जोडलेली. एकाशी बोलून दुसऱ्याशी बोलायचं तर उठून खुर्ची बदलायची. एकाच टर्मिनलवरून सगळीकडे का जाता येऊ नये, हा त्यांचा प्रश्न होता. महायुद्धापेक्षा खुर्ची बदलण्याचा कंटाळा हे कारण मला तरी जास्त पटतं.

ऑक्टोबर १९६७ मध्ये अमेरिकेतल्या गॅटलिनबर्ग इथं एका परिषदेत आर्पाचे लॅरी रॉबर्ट्‌स आपला बेत मांडायला आले. त्याच परिषदेत डेव्हिस यांचे सहकारी रॉजर स्कँटलबरी यांनी टेडिंग्टनची योजना वाचली. ती कितीतरी तपशीलवार होती. पाकीट केवढं असावं (१०२४ बिट), तारेचा वेग किती हवा, हे सगळं मांडलेलं. बॅरन यांच्या अहवालाचं महत्त्वही रॉबर्ट्‌स यांना तिथंच उमगलं. त्यांच्या मनात सेकंदाला २,४०० बिटांच्या तारा होत्या. आर्पानेट प्रत्यक्षात उभं राहिलं ते ५०,००० बिटांच्या तारांवर. २९ ऑक्टोबर १९६९ ला त्यावरून पहिला संदेश गेला. 'लॉगिन'मधली पहिली दोन अक्षरं पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला.

इकडे ब्रिटनमध्ये काय झालं? देशभर जाळं विणा, असं डेव्हिस सांगत होते. तारा होत्या पोस्ट खात्याच्या ताब्यात, आणि खात्याला घाई नव्हती. शेवटी डेव्हिस यांनी आपल्या प्रयोगशाळेच्या आवारापुरतं जाळं उभं केलं. ते १९८६ पर्यंत चाललं. अमेरिकेचं जाळं जगभर पसरलं, आणि 'जनक' या पदासाठी तिकडेच रांग लागली. लेनर्ड क्लाइनरॉक यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला संदेशांच्या रांगांचं फार चांगलं गणित केलं होतं. पॅकेट स्विचिंगचा, म्हणजे पाकिटांनी संदेश पाठवण्याच्या या पद्धतीचा, पाया त्यातच आहे, असा त्यांचा दावा. त्या कामात पाकिटं कुठेच नाहीत, असं डेव्हिस यांनी शांतपणे, परिच्छेद दाखवून लिहून ठेवलं. तो लेख २००१ मध्ये छापून आला. डेव्हिस मे २००० मध्येच गेले होते. दोन्ही बाजू वाचून मी डेव्हिस यांच्या बाजूनं आहे.

डेव्हिस यांना नेहमीच असे शब्द सुचायचे असंही नाही. जाळ्यात गर्दी होऊ नये म्हणून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एक युक्ती काढली. जाळ्यात फिरणाऱ्या पाकिटांची संख्या कायम ठरलेली ठेवायची, माल नसेल तर रिकामी पाकिटं फिरवायची. या पद्धतीला त्यांनी नाव दिलं 'आयसअरिथमिक', ग्रीकमधून घडवलेलं. पद्धत मागे पडली आणि शब्दही. या वेळी भाषातज्ज्ञांना विचारायचं राहून गेलं असावं.

पुढची वर्षं त्यांनी वेगळ्याच कामाला दिली. सुरुवातीची पाकिटं नावाला पाकिटं होती. खरं तर ती उघडी पोस्टकार्डं, वाटेतल्या कुणीही वाचावीत अशी. त्यांना लाखेची मोहर कशी लावायची, म्हणजे मजकूर कूटात कसा बदलायचा, याचा डेव्हिस यांनी ध्यास घेतला. १९८४ मध्ये विन प्राइस यांच्यासोबत त्यांनी संगणकजाळ्यांच्या सुरक्षिततेवर ग्रंथ लिहिला. बँकेचं पान उघडलं की पत्त्याआधी कुलपाचं चित्र असायचं, काही ठिकाणी अजूनही असतं, ते याच विचाराच्या पुढच्या पिढ्यांचं काम. पाकीटमार आजही पाकीट पळवू शकतो, पण त्याला आतला कागद वाचता येत नाही.

तर बाई, तुमचा पहिला प्रश्न. 'नाकारा' असं बटण दिसलं तर बेलाशक दाबा. बातमी बहुतेक ठिकाणी तशीच वाचता येते. ते दिसत नसेल तर 'सेटिंग्ज' किंवा 'पर्याय' असं बारीक अक्षरात कुठेतरी लिहिलेलं असतं, तिथं शोधा. जिथं पासवर्ड टाकून आत जायचं असतं, तिथला बिल्ला मात्र घ्यावाच लागतो. आणि पुढचं पत्रही पोस्टकार्डावरच पाठवा.