महागड्या घरांवर अधिक कर असावा काय?



आपल्या घराची किंमत वाढली असें ऐकलें कीं घरधन्यास आनंद होतो. परंतु त्याच वाढीव किंमतीवर महानगरपालिका कर मागूं लागली, कीं त्याच घरधन्याच्या कपाळाला आठी पडते. मुंबईंतील महागड्या घरांवर आजच्यापेक्षां चढ्या दरानें कर बसवावा कीं नाहीं, या वादाचें मूळ याच आठींत आहे. त्यांतील न्यायाची बाजू कोणती, याचा आज थोडा विचार करूं.

प्रथम हा कर मोजला कसा जातो तें पाहूं. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा. त्यान्वयें पुष्कळ वर्षें घराचा कर भाड्यावरून ठरत असे. घर भाड्यानें दिल्यास वर्षाकाठीं काय येईल याचा अंदाज करावयाचा, दुरुस्तीकरितां शेंकडा १० वजा करावयाचे आणि उरल्या रकमेवर आकारणी करावयाची. परंतु १९४७ च्या कायद्यानें जुन्या घरांचीं भाडीं गोठविलीं, आणि भाड्याबरोबर करही गोठला. समुद्रकांठच्या जुन्या इमारतींतील प्रशस्त जागेवर अल्प कर, आणि दूरच्या उपनगरांतील दोन खोल्यांवर मात्र भरपूर, असा विपरीत प्रकार त्यांतून निर्माण झाला.

तो दूर करण्यासाठीं १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आली. मुद्रांक शुल्कासाठीं शासन जागेचे जे भाव ठरवून देतें, ते आधारास घेऊन क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार आणि इमारतीचें वय यांवरून मूल्य काढावयाचें, अशी ही रीत. मात्र बदलाच्या वेळीं निवासी घराचा कर पूर्वीच्या दुपटीहून अधिक होऊं नये, अशी मर्यादा कायद्यानेंच घातली. हेतु दयाळू होता. पण जेथें मूळचा करच नाममात्र, तेथें त्याची दुप्पट तरी कितीशी होणार? पुढें १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांस पूर्ण माफी मिळाली. लहान घरास सूट आहे. परंतु मूल्य फार मोठें म्हणून निवासी घराचा दर चढत मात्र नाहीं.

अधिक कर मागणारे म्हणतात, घराची किंमत एकट्या मालकानें वाढविलेली नसते. रस्ता, पाणी, उद्यान, रेल्वे हीं सारीं नगराचीं देणीं. आणि खिडकींतून दिसणारा समुद्र तर कोणीच बांधलेला नाहीं. शिवाय २०१७ सालीं जकात गेल्यापासून महानगरपालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नांत या कराचें महत्त्व फार वाढलें आहे.

दुसरी बाजूही हलकी नाहीं. समजा, शिवाजी पार्कानजीक एक वृद्ध विधवा राहते. पतीनें चाळीस वर्षांपूर्वीं घेतलेली तिची जागा आज कोट्यवधींची आहे. तिच्या हातीं येतें तें मात्र बेताचें निवृत्तिवेतन. दर महिन्यास भिंतीची एक वीट काढून तिला बाजारांत विकतां येत नाहीं. किंमत कागदावर वाढते; कर मात्र रोकड द्यावा लागतो.

यांतून वाट काढतां येते. सिंगापूर येथें स्वतः राहत्या घराच्या वार्षिक भाडेमूल्याचा पहिला टप्पा करमुक्त असतो. पुढील टप्प्यांचे दर चढत जातात, आणि २०२४ पासून सर्वांत वरच्या टप्प्याचा दर शेंकडा ३२ आहे. चढा दर त्या टप्प्यापुरताच लागत असल्यानें मर्यादा किंचित् ओलांडणारा मनुष्य एकाएकीं भरडला जात नाहीं. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत ५५ वर्षें पूर्ण झालेल्या पात्र घरमालकांस कर लांबणीवर टाकतां येतो. तो घरावर कर्ज म्हणून चढतो आणि घर विकलें जाईल तेव्हां व्याजासह फिटतो. आपल्या त्या विधवेस अशी सवलत मिळाली, तर तिचें घरही सुटणार नाहीं आणि नगराचें येणेंही बुडणार नाहीं.

आणखी एक पथ्य आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं घालून दिलें आहे. जागेवर पुढें किती बांधकाम होऊं शकेल, हें हिशेबांत धरणारे भांडवली मूल्याचे नियम त्यानें अवैध ठरविले. कर आज जें आहे त्यावर. उद्यांच्या शक्यतेवर नव्हे.

तेव्हां माझ्या मतें महागड्या घरांवर चढा दर असावा. परंतु क्रम चुकूं नये. जुन्या व नव्या घरांतील तफावत आधीं टप्प्याटप्प्यानें मिटवावी, वृद्धांस व अल्प उत्पन्नाच्या मालकांस लांबणीची सोय द्यावी, आणि मगच वरच्या टप्प्यांचा दर चढवावा. नाहीं तर चढ्या दराचा भार नव्यानें घर घेणाऱ्यावर पडेल, आणि ज्यांच्याकडे पाहून हा वाद सुरू झाला, ते जुन्या आकारणीच्या आडोशास स्वस्थ बसून राहतील.